आजाराचा कितवा दिवस? शरीराच्या प्रतिकाराला घरातून साथ कशी द्यावी

कोल्हापुरात जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत तापाने कोणी झोपलेले नाही असे घर सापडणे कठीण असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली की ४३ फुटांची धोका पातळी ती केव्हा गाठणार याचा हिशेब चौकाचौकांत इंचाइंचाने मांडला जातो. घरातल्या तापाचा हिशेब मात्र "दोन-तीन दिवस झाले असतील" एवढ्यावरच उरकतो. डॉक्टर पहिला प्रश्न "ताप कधीपासून आहे?" असा विचारतात, तो बोलायला सुरुवात म्हणून नव्हे. रोगप्रतिकारशक्ती ही वाढवता-घटवता येणारी एकच एक ताकद नसून ठरावीक क्रमाने चालणारी अनेक कामे आहेत. त्यांतली काही मिनिटांत सुरू होतात, काही तासांत, काहींना आठवडा लागतो आणि काहींचा परिणाम पुढे अनेक वर्षे टिकतो. कोणत्या दिवशी शरीरात कोणते काम चालू आहे हे कळले, तर कोणती तपासणी आज उपयोगाची आहे, कोणते औषध आत्ता आड येईल आणि केव्हा अजिबात थांबू नये, हे ठरवता येते. पुढचे विवेचन डॉक्टरांना पर्याय म्हणून लिहिलेले नाही. त्यांच्याकडे केव्हा जावे आणि जाताना काय सांगावे, हे कळावे एवढाच त्याचा हेतू आहे.

त्यासाठी घरात एक साधी वही ठेवावी. आजारी माणसाच्या नावाखाली आजाराची पहिली तारीख, ताप मोजलेली वेळ आणि आकडा, दिलेले औषध व त्याचे प्रमाण, लघवी किती वेळा झाली आणि अंगावर काही नवीन दिसले का, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. "काल रात्री खूप ताप होता" या वाक्यापेक्षा "रात्री ११ वाजता १०२.४" ही नोंद डॉक्टरांच्या कितीतरी अधिक कामाची असते.

जखमेचे पहिले काही तास

संरक्षणाचे सर्वांत मोठे काम आपल्याला जाणवतही नाही, कारण ते जंतू आत येण्यापूर्वीच झालेले असते. अखंड त्वचा, डोळ्यांच्या पाण्यातला जंतूंची भिंत फोडणारा लायसोझाइम, श्वासनलिकेतला चिकट स्राव आणि तो सतत वर ढकलणारे सूक्ष्म केस, जठरातले तीव्र आम्ल, हे सगळे चोवीस तास कामावर असतात. सिगारेट-विडीचा धूर ते सूक्ष्म केस लुळे पाडतो. धूम्रपान करणाऱ्याचा साधा खोकला छातीत उतरतो, त्याचे हे एक कारण आहे.

त्वचा फाटली की मात्र घड्याळ सुरू होते. उसाच्या पात्याने हात चिरला, पुराच्या चिखलात पत्र्याने पाय कापला किंवा आखाड्यात गुडघा खरचटला, तरी आत घडणारी गोष्ट एकच असते. त्या जागी आधीपासून असलेल्या पेशी हिस्टामीनसारखी रसायने सोडतात, जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून द्रव बाहेर झिरपतो. जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे गर्दी करतात, जंतू गिळतात आणि स्वतः मरतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी. म्हणजे जखमेभोवतीची थोडी लाली आणि सूज हे बिघाडाचे लक्षण नसून काम चालू असल्याची खूण आहे. लाली दिसली की लगेच प्रतिजैविक सुरू करावे, असे नाही.

आपले काम या पेशींच्या वाट्याला येणारे ओझे कमी करण्याचे आहे. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावी, साबण लावून माती आणि कचरा निघेपर्यंत धुवावी, स्वच्छ कापडाने टिपून झाकावी. हळद, चहापूड, चुना, मशेरी, कोळ्याचे जाळे यांपैकी काहीही त्यात भरू नये. ती पूड धुऊन काढणे पुढे डॉक्टरांना जड जाते. त्यानंतर एक साधी युक्ती करावी: लाली जेथे संपते त्या कडेवर बॉलपेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी लाली रेषेच्या आत आली असेल, तर शरीराने बाजी मारली असे समजावे. ती रेषेबाहेर पसरली असेल, जखमेपासून वर जाणारा लाल पट्टा दिसत असेल, थंडी वाजून ताप आला असेल किंवा वेदना जखमेच्या मानाने फारच जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पायाला जखम झाल्यावर जांघेत, हाताला झाल्यावर काखेत अवधाण येते, आणि ते पाहून घरातले लोक जखमेपेक्षा जास्त घाबरतात. त्या गाठी म्हणजे लसिका ग्रंथी. जखमेच्या जागेहून काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन याच ग्रंथींत येतात आणि तेथे जमलेल्या लिम्फोसाइट नावाच्या लाखो पांढऱ्या पेशींपैकी त्या तुकड्याशी नेमक्या जुळणाऱ्या थोड्या पेशी निवडल्या जातात. निवडलेली पेशी भराभर विभागू लागते, म्हणून ग्रंथी फुगते आणि दुखते. तिला चोळू नये, डाग देऊ नये. जखम भरल्यावर ती काही आठवड्यांत ओसरते. ओसरली नाही, वाढत गेली, न दुखता कडक झाली किंवा तिच्याबरोबर वजन घटू लागले, तर तपासणी हवीच.

धनुर्वाताच्या बाबतीत अवधाणाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्याचे बीजाणू माती आणि शेणात असतात, इजा जंतूपेक्षा त्याच्या विषाने होते, आणि ते विष एकदा नसांत शिरले की प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, त्याला तेथून बाहेर काढू शकत नाहीत. ती आधीपासून रक्तात तयार असावी लागतात. म्हणून शेवटचे इंजेक्शन कोणत्या वर्षी झाले हे वहीत लिहून ठेवावे. साध्या स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षे आणि माती-शेणाने माखलेल्या जखमेसाठी पाच वर्षे उलटली असतील, तर नवा डोस लागतो. दर खरचटण्याला एक इंजेक्शन घेत राहण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिची गरज नाही.

पुराच्या पाण्याचा प्रश्न निराळा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ, करवीर, हातकणंगले या पट्ट्यांत घरे धुण्याचे काम लोकांनी गुडघाभर चिखलात उभे राहून केले. उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून या पाण्यात येणारा लेप्टोस्पायरा हा जंतू भेगाळलेल्या टाचेतूनही आत शिरतो. गमबूट घालावेत, पायाच्या चिरा चिकटपट्टीने झाकाव्यात. पुढच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांत लाली आली, तर "मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे वाक्य डॉक्टरांना न विचारता सांगावे. ज्यांना रोज त्या पाण्यात उतरावे लागते, त्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायचे डॉक्सिसायक्लिन देऊ शकतात; गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी ते नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या पाकिटातून घेऊ नये.

तालमीतल्या पोरांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून ती कितीही निगुतीने राखली, तरी अंगाला अंग घासले की नायटा एकाकडून दुसऱ्याकडे जातोच. नायट्याभोवतीची लाली आणि खाज हे बुरशीविरुद्ध चाललेल्या कामाचेच रूप असते. औषध दुकानातून स्वस्तात मिळणाऱ्या 'सगळ्यांवर चालणाऱ्या' मलमात बहुतेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि मलम गुणकारी ठरते. प्रत्यक्षात तेथील प्रतिकार बंद पडलेला असतो आणि बुरशी मोकळ्या रानात पसरते. मलम थांबवताच चट्टा दुप्पट होऊन परत येतो, मग पुन्हा मलम, असे महिनोन्‌महिने चालते. नायट्यावरच्या ट्यूबवरील बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. लंगोट आणि टॉवेल कोणाशीही वाटून घेऊ नये, ते रोज धुऊन उन्हात वाळवावेत.

कुत्रा चावल्यावर

शरीराच्या वेळापत्रकाचे महत्त्व रेबीजइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही आजारात दिसत नाही. विषाणू चाव्याच्या जागी स्नायूत शिरतो आणि नसेच्या आधाराने मेंदूकडे निघतो. त्याचा वेग कमी असतो, त्यामुळे बहुधा काही आठवडे ते महिने हाती असतात. पण तो नसेत लपून जात असल्यामुळे रोगप्रतिकार यंत्रणेला त्याचा पत्ता वेळेवर लागत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ नेहमी निष्फळ ठरतो. लस देण्याचा अर्थ असा की, मेलेला विषाणू दंडात टोचून शरीराला ती ओळख आधीच करून द्यायची आणि खरा विषाणू मेंदूत पोहोचण्यापूर्वी प्रतिपिंडे तयार ठेवायची.

करायचे ते या क्रमाने करावे. प्रथम जखम नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण अंदाजाने धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो. साबणाने या विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते, त्यामुळे हे धुणे म्हणजे नुसती स्वच्छता नसून उपचार आहे. मिरची, चुना, तेल लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे; शहरात भाऊसिंगजी रोडवरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, सगळ्यांना ठाऊक आहे. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात. दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त निघाले असेल किंवा फाटलेल्या त्वचेवर, डोळ्यांत-तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. ते विचारून घ्यावे.

दोन्ही का लागतात, असा प्रश्न दवाखान्याच्या रांगेत नेहमी ऐकू येतो. लसीतून स्वतःची प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. तयार प्रतिपिंडे ती पोकळी भरून काढतात आणि काही आठवड्यांत शरीरातून नाहीशी होतात, कारण ती बनवणाऱ्या पेशी आपल्या नसतात. म्हणूनच लसीच्या पहिल्या डोसला सात दिवस उलटून गेल्यावर तयार प्रतिपिंडे देत नाहीत. तोवर शरीराचे स्वतःचे काम सुरू झालेले असते. ज्याने पूर्वी पूर्ण मात्रा घेतली आहे, त्याला पुन्हा चावा झाल्यास ० आणि ३ व्या दिवशी असे दोनच डोस पुरतात. मागच्या वेळी तयार झालेल्या स्मृतिपेशी काही दिवसांतच जागच्या जागी कामाला लागतात. जुने कार्ड जपून ठेवले तर ते असे उपयोगी पडते.

पन्हाळा-शाहूवाडीकडच्या वाचकांना हेच तत्त्व सर्पदंशात दिसेल. घोड्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे म्हणजे सर्पविषाची लस म्हणून ओळखले जाणारे औषध. खरे तर ती लस नव्हे, उसनी प्रतिपिंडे आहेत. विषाच्या बाबतीत शरीराला स्वतःची बनवायला वेळच नसतो, म्हणून गावठी उपायांत घालवलेला अर्धा तासही महाग पडतो.

तापाचे पहिले तीन दिवस

ताप जंतू आणत नाही, तो मेंदू चढवतो. जंतूशी गाठ पडलेल्या पेशी जी रसायने रक्तात सोडतात, ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या तापमान सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोहोचल्यावर शरीराचा ठरलेला तापमानाचा आकडा वर सरकतो. अंग ९९ वर असते आणि मेंदूला १०२ हवे असतात, म्हणून थंडी वाजते, दात वाजतात, हातपाय गार पडतात. आकडा खाली आला की घाम सुटतो. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींची हालचाल वाढते. त्यामुळे १००-१०१ पर्यंतचा ताप असलेला माणूस बोलत असेल, पाणी पीत असेल, लघवी होत असेल, तर आकडा खाली आणण्यासाठी धडपड करण्याचे कारण नाही. पॅरासिटामॉल आकड्यासाठी न देता त्रासासाठी द्यावे: डोके ठणकत असेल, अंग मोडून आले असेल, मूल चिडचिडे होऊन पाणी पीत नसेल, तेव्हा.

मात्रा वजनावर ठरते. मुलाच्या दर किलो वजनामागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. येथे एक घोळ घरोघरी होतो. पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ३ मिली लागतात आणि ५ मिलीत १२० असलेल्या बाटलीतून सुमारे ६ मिली. तान्ह्या बाळांचे थेंब याहून कितीतरी तीव्र असतात. 'एक चमचा' हे माप म्हणून वापरू नये; बाटलीवरचा आकडा आधी वाचावा आणि औषधाबरोबर आलेल्या मापानेच द्यावे. अंग पुसायचेच असेल तर कोमट पाण्याने पुसावे. बर्फाच्या पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढतो. गोधडीत गुंडाळून 'घाम काढणे' हेही तितकेच चुकीचे आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लढत असते ती जन्मजात प्रतिकार यंत्रणा. समोरचा जंतू कोणता, याची तिला बारकाईने ओळख नसते. विषाणूने ग्रासलेल्या पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात, आणि सर्दी-फ्लूमध्ये अंग जे ठेचल्यासारखे दुखते ते बरेचसे या रसायनांमुळे. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेली अर्धी पाकिटे आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतात आणि पुढे टायफॉइडची शंका आली तर रक्तातला जंतू तपासणीत सापडणे कठीण करतात. या दिवसांत रुग्णाला पाणी, मीठ-साखरेचे पाणी, पेज, ताक, पातळ पांढरा रस्सा, जे जाईल ते वरचेवर द्यावे. विश्रांतीही तितकीच महत्त्वाची आहे.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा अधिक ताप असेल, तर यांतले काहीही करत न बसता डॉक्टरकडे जावे. त्या वयात यंत्रणा कच्ची असते आणि गंभीर संसर्गाचीही लक्षणे पुसट असतात. मान ताठणे, झटका, धाप, ग्लानी, दाबल्यावरही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके, यांना कोणत्याही वयात कितवा दिवस हे पाहायचे नसते.

तिसरा ते सातवा दिवस

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत लसिका ग्रंथींत निवडलेल्या पेशींची संख्या पुरेशी झालेली असते. त्यांतल्या टी पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी हुडकून मारू लागतात, बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. आधी आयजीएम प्रकारची, मागाहून दीर्घकाळ टिकणारी आयजीजी. रक्ततपासणीचा अहवाल वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा. डेंग्यूची एनएस-१ ही तपासणी विषाणूचाच एक प्रथिनभाग शोधते, म्हणून ती पहिल्या पाच दिवसांत उपयोगी; आयजीएम तपासणी शरीराचे उत्तर शोधते, म्हणून साधारण पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम तपासणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही. टायफॉइडसाठी सर्रास होणाऱ्या विडाल तपासणीचेही तसेच आहे. ती प्रतिपिंडांवर बेतलेली आहे, दुसऱ्या आठवड्याच्या आधी तिचा फारसा भरवसा नाही, आणि जुन्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणे, हीच योग्य तपासणी आहे. ते थोडे महाग पडते आणि अहवालाला दिवस लागतात. तरीही तिसऱ्या दिवशीच्या विडालवर पंधरा दिवसांची औषधे घेण्यापेक्षा ते स्वस्त आहे, असे माझे मत आहे.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या ४,००० ते ११,००० च्या दरम्यान अपेक्षित असते. न्यूट्रोफिल एकदम वाढले असतील तर जीवाणूची, एकूण संख्या घसरली असेल तर डेंग्यूसारख्या विषाणूची शक्यता डॉक्टर मनात धरतात. पण हा इशारा आहे, निदान नव्हे.

डेंग्यूत सर्वांत जपायचे ते ताप उतरतानाचे एक-दोन दिवस. घरातल्यांना वाटते, संपले एकदाचे. मूल अंथरुणातून उठते, पाहुणे निरोप घेतात. याच काळात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपू शकतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, सहा तास लघवी न होणे, हातपाय थंड पडून अस्वस्थ किंवा सुस्त होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्यांचे डोळे असतात, पण अंगातला द्रव टिकतो की नाही हे अधिक महत्त्वाचे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या काळात देऊ नये; रक्तस्राव वाढतो.

ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, त्याने निर्धास्त राहू नये. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला अर्धवट चिकटतात, त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत आणि उलट त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक तीव्र होऊ शकतो. प्रतिकारशक्ती 'जास्त' म्हणजे चांगली, हे समीकरण येथे साफ मोडते.

दोन आठवडे उलटूनही ताप किंवा खोकला रेंगाळत असेल, तर प्रश्न बदलतो. काही जंतू गिळले गेल्यावरही मरत नाहीत. गिळणाऱ्या पेशीच्या आतच मुक्काम करतात. क्षयाचा जंतू हा त्यांतला सर्वांत परिचित. दोन आठवड्यांहून अधिक खोकल्यासाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ब्रुसेला हाही तसाच, आणि तो कच्च्या दुधातून येतो. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची हौस कोल्हापूरकरांना आहे. ती बंद करा असे सांगून कोणी ऐकणार नाही, पण चढउतार होणारा ताप आणि सांधेदुखी आठवडेच्या आठवडे चालली तर ही सवय डॉक्टरांच्या कानांवर घालावी. गरोदर स्त्रिया आणि मुलांना मात्र दूध उकळूनच द्यावे.

लसीची तारीख

डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्लेगच्या साथी कोल्हापूर संस्थानानेही पाहिल्या. तेव्हापासून लसीमागचे तत्त्व बदललेले नाही: आजार न होऊ देता ग्रंथींतली ती आठवड्याभराची निवड आधीच उरकून ठेवायची. भारतात १९७५ नंतर देवीचा रुग्ण नाही आणि २०११ नंतर पोलिओचा जंगली विषाणू कोणाला झालेला नाही.

पालक विचारतात की गोवर-रुबेलाची लस जन्मतःच का देत नाहीत. गरोदरपणात आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. तीच प्रतिपिंडे लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही निकामी करतात, मग बाळाची स्वतःची आठवण तयार होत नाही. ती ओसरेपर्यंत थांबायचे, म्हणून पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. याउलट हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत हवा, कारण तो संसर्ग प्रसूतीच्या वेळीच होऊ शकतो. पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांविरुद्धची एकत्र लस ६, १० आणि १४ आठवड्यांना असते. डोस उशिरा झाला तर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस देऊन पुढे जावे. जत्रा, लग्न, पाऊस या कारणांनी चुकलेली तारीख पुढच्या लसीकरणाच्या दिवशी भरून काढावी. साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नाही. आईचे पहिले घट्ट पिवळसर दूध पिळून टाकू नये; त्यातली प्रतिपिंडे बाळाच्या घशाला आणि आतड्याला आतून लेप देतात.

गोवराबाबत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. हा विषाणू स्मृतिपेशींनाच मारतो, त्यामुळे गोवर झालेल्या मुलाने पूर्वी मिळवलेली इतर जंतूंविरुद्धची आठवणही अंशतः पुसली जाते आणि पुढे बरेच महिने ते वारंवार आजारी पडते. 'अंगावर गोवर निघून गेलेला बरा' या म्हणण्यात तथ्य नाही.

'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-काढ्यांविषयी थोडक्यात एवढेच, की ज्याच्या आहारात कमतरता नाही त्याला त्यांतून काही मिळत असल्याचा भक्कम पुरावा नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. वाद चालू आहे तोवर रोजचा काढा घेणाऱ्याने निदान ते डॉक्टरांपासून लपवू नये. प्रतिपिंडे प्रथिनांची बनतात, म्हणून डाळ, अंडी, दूध, मटण, उसळ यांना पर्याय नाही. झोप पुरेशी हवी आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, कारण वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत.

ज्यांच्यात खुणा उशिरा दिसतात

आतापर्यंत सांगितलेल्या खुणा, म्हणजे ताप, लाली, सूज, पू, या शरीराच्या प्रतिकारातून निर्माण होतात. ज्याचा प्रतिकारच दबलेला आहे, त्याच्यात त्या उशिरा किंवा पुसट दिसतात, कधी दिसतही नाहीत. म्हातारी माणसे, अनियंत्रित मधुमेही, केमोथेरपी घेणारे, मूत्रपिंड बदललेले, संधिवात किंवा दम्यासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, अपघातात प्लीहा काढावी लागलेले, हे सगळे या गटात येतात. अशा आजीला न्यूमोनिया झाला तरी थर्मामीटर ९९ च्या वर सरकत नाही. ती फक्त जेवत नाही, नावे विसरू लागते, संडासला जाताना पडते. मधुमेह्याच्या तळपायात खिळा रुतून आतपर्यंत पू झालेला असतो आणि त्याला ते मोज्यावरच्या डागावरून कळते.

या माणसांच्या बाबतीत थांबून पाहण्याची मुभा नाही. श्वासाचा वेग मिनिटाला किती, बोलणे नेहमीसारखे आहे का, लघवी झाली का, हे पाहावे आणि वागण्यात अचानक फरक पडला तर तापाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. केमोथेरपी चालू असताना १००.४ ताप आला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन पहाटेपर्यंत थांबू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या घाबरून अचानक बंदही करू नयेत. अनेक आठवडे घेतलेल्या गोळ्या एकदम थांबवल्या तर शरीराचे स्वतःचे तयार होणारे संप्रेरक अपुरे पडून रक्तदाब कोसळू शकतो. जिवंत विषाणूच्या लसी या गटातल्या अनेकांना चालत नाहीत, म्हणून कोणतीही लस टोचण्यापूर्वी चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून बरोबर न्यावीत.